उसवा, बाई

मास्तरांना बेबीबद्दल खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. कागदोपत्री तिचं नाव काय आहे हे त्यांना कळलं ते फार उशिरा, आणि कळलं तेव्हा ते दुसऱ्याच कुणाचं तरी असावं असं वाटलं. वय त्यांनी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक बाईमाणूस असेल तर वय विचारायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. ती घरी एकटी असताना काय करत असेल, कशाला घाबरत असेल, तिला स्वप्नं पडतात का, पडली तर ती कुणाला सांगते, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. टेलरला माणूस कळतो तो मापांवरून, आणि बेबीचं तर मापही त्यांनी कधी घेतलं नव्हतं. त्यामुळे पुढे कुणी विचारलं, "मास्तर, तुमच्याकडची ती बेबी कशी होती हो?" की ते चष्मा काढून पुसायला लागायचे आणि बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणायचे, "तिला स्वस्थ बसवायचं नाही."

ते मात्र अगदी खरं होतं. बेबीच्या पायाला भिंगरी होती. मशीनवर बसली की जरा टीप मारून उठायची, खिडकीपाशी जायची, खिडकीतून गॅरेजमधली बॉनेट उघडलेली गाडी बघायची, तिथून दारापाशी, दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून परत. वाटेत पाण्याच्या पिंपाची तोटी घट्ट बंद आहे ना, ते पिळून बघायची. परत येऊन खुर्चीत बसताना असा सुस्कारा सोडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई लांबच्या गावाहून आल्या. चाळिशी केव्हाच ओलांडलेली, ठेंगणी, कानांमागचे केस पिकलेले, उजवा हात चलाख आणि डावा जरा मागे राहणारा. बोलणं सावकाश, एकेक शब्द तपासून खाली ठेवल्यासारखं. पाय तेवढे घाईत.

मोठ्या वयाच्या दिव्यांगांसाठी चालवलेलं ते केंद्र मुळात एक गोदाम होतं, मोटारींच्या गॅरेजच्या मागचं. उंच छप्पर, वर काचेच्या पट्ट्या, त्यातून पडणारा उजेड दिवसभर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत जायचा. एका टेबलावर मेणबत्त्या, एकावर पाकिटं चिकटवायची, आणि कोपऱ्यात शिलाई मशीनं. मास्तर तिथे पोचले ते स्वतःचं दुकान बंद झाल्यावर. लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मास्तरांचा हात थरथरायला लागला, दोन्ही एकाच सुमाराला झालं. त्यामुळे दुकान नक्की कशानं बंद पडलं हे त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात बसून बसून ते सुनेच्या पायात पायात यायला लागले, तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, तिथे शिवण शिकवायला कुणीतरी हवंय. जाऊन तर बघा." मास्तर आयुष्यात कुणाला काही शिकवायला उभे राहिले नव्हते. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते मागे सरकायचे. तरी गेले.

तिथे त्यांच्या कानावर दोन शब्द सारखे पडले. एक "मुलं" आणि दुसरा "शाब्बास". केंद्र चालवणाऱ्या मॅडम, मदतीला येणाऱ्या बायका, दारावरचा माणूस, सगळे तिथल्या लोकांना "आमची मुलं" म्हणायचे. त्या मुलांमधल्या एकाला चांगलं लखलखीत टक्कल होतं. चाकाच्या खुर्चीत बसून पाकिटं चिकटवणारा एक जण होता, त्याच्या मिशा पांढऱ्या. तो दिवसभर बोलत असायचा म्हणून त्याला रेडिओ म्हणत. तोही मूलच. आणि मुलांनी काहीही केलं की शाब्बास. मेणबत्ती सरळ आली, शाब्बास. वाकडी आली, तरी शाब्बास, वर टाळ्या. मॅडम वाईट नव्हत्या. त्या गोदामासाठी त्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं. तिथे येणाऱ्या प्रत्येकानं जन्मभर "तुला जमणार नाही" ऐकलेलं होतं, आणि आपल्या छपराखाली ते वाक्य कुणी उच्चारायचं नाही, असं मॅडमनी ठरवून टाकलं होतं.

शिलाईच्या कोपऱ्यात शिवली जायची ती पुसायची फडकी. चौकोनी कापड, चारी बाजू दुमडून टीप. पाहुणे यायचे, कौतुकानं विकत घ्यायचे. त्यांनी त्या फडक्यांनी कधी काही पुसलं असेल, असं मास्तरांना वाटत नसे. न खपलेल्या फडक्यांनी एक कपाट गच्च भरलं होतं. उघडलं की सगळं अंगावर यायचं.

पहिल्याच दिवशी बेबीनं आपलं फडकं आणून मास्तरांच्या नाकासमोर धरलं. टीप कोपऱ्यातून निघाली होती, मध्येच कापड सोडून बाहेर गेली होती आणि बऱ्याच अंतरावर परत आली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास, बेबी! मास्तर, बघा आमची बेबी कशी शिवते!"

मास्तरांना टाळ्या वाजवायची लाज वाटली. तोंडावर गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. काय करावं सुचेना, तेव्हा आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं. फडकं उजेडाकडे धरलं, टिपेवरून अंगठा फिरवला आणि पुटपुटले, "टीप पळालीय. उसवा, बाई."

टाळ्या थांबल्या.

"काय?" बेबी म्हणाली.

"उसवा. आणि परत मारा."

"मी?"

"तुमचीच आहे ना टीप?"

बेबीनं मागे वळून पाहिलं. ज्याला "तुम्ही" म्हणावं असं कुणी मागे उभं आहे का, हे बघत असावी. मास्तरांच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. दुकानात येणाऱ्या शाळकरी पोरीलाही अहो-जाहो करायची त्यांची सवय. पण बेबीला तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. दादाची ती "बेबी", वहिनीची "अगं बेबी", आणि दारावरचा माणूस तिच्या निम्म्या वयाचा, त्याचीही "ए बेबी".

आधी ती रागावली. फडकं टेबलावर आपटून येरझाऱ्या घालायला लागली. "सगळे म्हणाले छान आहे!"

"हो."

"तुम्हालाच दिसत नाही."

"असेल. चष्मा जुना आहे."

"मग?"

"मग उसवा."

मॅडमनी नंतर मास्तरांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, इथे आपण चुका नाही हं दाखवत." मास्तर "बरं" म्हणाले आणि घरी जाऊन सुनेला सांगितलं, की मी काही उद्या जात नाही. सून म्हणाली, "एका दिवसात काढलं का तुम्हाला?" केवळ त्या एका वाक्याच्या धास्तीनं ते दुसऱ्या दिवशी गेले. मशीनवर फडकं पडलं होतं, उसवलेलं. दोऱ्याचे तुकडे एका बशीत गोळा करून ठेवलेले. शेजारी बेबी उभी.

"उसवलं," ती म्हणाली. "आता?"

त्या दिवसापासून तिनं मास्तरांना सळो की पळो करून सोडलं. प्रत्येक टीप त्यांच्यापुढे यायची. कुणी शाब्बास म्हटलं तर ती बघायचीसुद्धा नाही. "यांना काय कळतंय," म्हणायची. मास्तर गप्प राहिले की "उसवू का?" आणि मास्तरांनी "राहू द्या" म्हटलं की उठून अख्ख्या गोदामाला एक फेरी मारून यायची. "राहू द्या" याच्या पलीकडे मास्तरांचं कौतुक जात नाही, हे तिनं कधीच ओळखलं होतं. रेडिओ पाकिटांच्या ढिगाऱ्यातून ओरडायचा, "ठळक बातम्या! बेबीची टीप पास!"

घरच्यांचे मात्र हाल झाले. एके दिवशी वहिनी तिला पोचवायला आली ती तणतणतच. "मास्तर, काय शिकवलंयत हिला? उशांचे अभ्रे सगळे उसवून ठेवलेत. ह्यांची पँटसुद्धा उसवली, आणि ह्यांना ते कळलं ऑफिसात!"

"टीप पळाली होती," बेबी म्हणाली.

"अगं, पण चांगल्या दुकानातून आणलेली पँट आहे ती!"

"दुकानात मास्तर नव्हते."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "मग... परत शिवली का, बाई?"

"शिवली."

"शिवली ना," वहिनी म्हणाली, आणि तिला आता हसू आवरेना. "आता ती ह्यांच्या गुडघ्याच्या वर जात नाही."

एकदा चहाच्या वेळी बेबी मास्तरांच्या समोर येऊन बसली. पाय टेबलाखाली हलत होते, त्यानं दोघांच्या कपांतला चहा हलत होता.

"मास्तर, फडकं कोण घालतं?"

"फडकं कोण घालणार? पुसायला असतं ते."

"मला घालायचं शिवायचंय."

"म्हणजे?"

"अंगात घालायचं. माणूस घालेल. घालून रस्त्यानं जाईल." ती थांबली, पुढचा शब्द शोधून आली. "मला तो माहीतही नसेल."

मास्तरांनी जन्मभर हेच केलं होतं. शिवलेले कपडे दुकानाच्या पायऱ्या उतरून गर्दीत जायचे आणि मास्तर पुढच्या कापडाला खडू लावायचे. यात कुणी मागून घ्यावं असं काही असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे नाही," बेबी म्हणाली. "दादा बघू म्हणतो तेव्हा नाहीच असतं." आणि उठून तोटी बघायला गेली.

मग पेशंटच्या झग्यांची ऑर्डर आली. हॉस्पिटलांना कपडे पुरवणाऱ्या एका ठेकेदाराचा कारागीर अचानक सोडून गेला होता आणि त्याला झगे घाईनं हवे होते. केंद्राला मिळालेलं हे पहिलंच असं काम, की ज्यात विकत घेणारा कौतुकानं घेणार नव्हता. वाकडं असलं तर परत पाठवणार होता. मॅडमना आनंद झाला आणि त्याच क्षणी त्यांचं धाबंही दणाणलं. त्यांनी ठरवलं की कापणं मास्तरांनी, शिवणं मदतीच्या बायकांनी, आणि मुलांनी घड्या घालायच्या.

बेबीनं घड्या घातल्या नाहीत. दिवसभर चालत राहिली. मशीनवर झगे शिवले जात होते आणि ती त्या मशीनांभोवती गिरक्या घेत होती. मास्तर कापडावर खडू ओढता ओढता तिच्याकडे बघत होते. शेवटी धीर करून ते मॅडमच्या खोलीच्या दाराशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"मॅडम, ती बाई... बेबी. तिची टीप आता सरळ येते."

"येते हो, मला कौतुकच आहे. पण चुकलं तर? माल परत आला तर तिला काय वाटेल, मास्तर?"

"वाईट वाटेल," मास्तर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांच्या मनात तयार होतं, पण ते तोंडात येईपर्यंत मॅडमचा फोन वाजला. फोन ठेवता ठेवता मॅडमना त्यांची दया आली असावी. "बरं, नाड्या करू दे तिला. नाड्यांत काय बिघडणार?"

बेबी नाड्या करायला बसली. अरुंद पट्टी, दोन्हीकडून आत दुमड, कडेनं टीप.

"हे माणूस घालणार?"

"हो. या नाड्यांवरच झगा अंगावर राहणार."

त्यानंतरचे दिवस ती बसली. उठायची, पण खिडकीपर्यंत जाऊन मध्येच काहीतरी आठवल्यासारखी परत यायची. तिनं केलेल्या नाड्या टोपलीतून व्हरांड्यात जायच्या आणि तिथे बायका त्या झग्यांना जोडायच्या. हॉस्पिटलातला झगा पाठीकडून उघडा असतो, नाड्या मागे असतात, हे बेबीला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही नाही. जे सगळ्यांना माहीत असतं ते सांगायचं कशाला?

माल द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलांनी ओळीत बसून टाळ्या वाजवायच्या होत्या, म्हणून सगळे पुढच्या भागात गेले. मास्तरांनाही शेवटच्या रांगेत बसवलं होतं. मधूनच त्यांचं लक्ष बेबीच्या खुर्चीकडे गेलं. रिकामी होती. त्यात नवल काहीच नव्हतं, तरी ते पुन्हा पुन्हा तिकडे वळून बघायला लागले. एक जण बोलत होता, तो काही थांबेना. टाळ्या झाल्या, परत कुणीतरी उठलं. शेवटी मास्तर वाकून, गुडघे धरून, रांगेतून बाहेर सरकले.

व्हरांड्यात बेबी जमिनीवर बसली होती. इतकी स्वस्थ बसलेली त्यांनी तिला कधी पाहिली नव्हती. एका बाजूला झग्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नाड्यांचा. हातात बारीक टोकाची कात्री. एकही झगा तिनं सोडला नव्हता. कापडाला कुठे कात्री लागली नव्हती, फक्त टाके उचलले होते, अगदी मास्तरांनी शिकवलं तसे. दोऱ्याचे तुकडे बशीत.

"बाई," मास्तर म्हणाले. "हे काय केलंत?"

"सगळ्यांनी चुकवलं, मास्तर." तिच्या आवाजात कीव होती. "नाड्या मागे लावल्या. सगळ्या. मी उसवल्या."

मागून रेडिओच्या खुर्चीची चाकं वाजली. "ताजी बातमी!" एवढं म्हणून तो ढिगाकडे बघत राहिला, आणि बातमी काही पुढे सांगेना. मग बायका आल्या, मग मॅडम. एक बाई मट्कन पायरीवर बसली आणि म्हणाली, "मेलो आपण."

"मागेच असतात त्या, बेबी," मॅडम म्हणाल्या. "पेशंट पडून असतो ना. मागून उघडं असलं की डॉक्टरांना, नर्सना सोपं जातं."

"मागे हात पोचत नाही," बेबी म्हणाली.

"नर्स बांधते."

"नर्स नसली तर? माझी बटणं सगळी मागून होती. आई लावायची. आई गेली, मग वहिनी म्हणाली, मी कुठे सारखी येऊ. मग मी पुढची लावायला शिकले." ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "हॉस्पिटलात आई कुठे असते?"

मॅडम खाली वाकल्या, बेबीच्या हातातून कात्री काढून घेतली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे हं बाळा. काही हरकत नाही. कुणी रागवत नाही तुला. दमलीस तू. उद्यापासून मेणबत्त्यांकडे बस, तिकडे मजा असते, हो ना?"

बेबी उभी राहिली. तिचे पाय हलत होते, पण ती जागची हलत नव्हती.

मॅडम मास्तरांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोष तिचा नाही. आपलाच आहे. तिला नाही कळत, आणि आपण तिच्यावर ओझं टाकलं."

मास्तर मूग गिळून बसणाऱ्यांतले. दुकानातसुद्धा गिऱ्हाईक अंगावर आलं की त्यांची बायको पुढे व्हायची. आताही ते झग्यांकडे बघत होते, पुढे कुणी होतंय का याची वाट पाहत. कुणी झालं नाही. बेबी त्यांच्याकडे बघत होती. तिनं "उसवू का?" विचारताना असायचा तसाच तिचा चेहरा होता.

"मॅडम," मास्तर म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "मॅडम, तिला रागवा."

"काय?"

"माझ्या दुकानात कारागिरानं हे केलं असतं तर... म्हणजे मी फार बोलत नाही. पण बोललो असतो. आणि मग त्यालाच परत शिवायला बसवलं असतं. तुम्ही माफ केलंत तर ती कामावरून गेली."

"मास्तर, आपण इथे कुणावर ओरडत नाही."

"मग मी ओरडतो," मास्तर म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं की हे आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं.

पण सगळे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ओरडले. कधी ओरडायची सवय नसल्यामुळे आवाज सुरुवातीला फारच वर गेला आणि मध्येच फाटला. "बाई! हे काय केलंत तुम्ही? दुसऱ्याच्या कामाला न विचारता कात्री लावायची? कुणी सांगितलं होतं? उद्या माल द्यायचाय, तो माणूस काय आपला सोयरा आहे? टाका बघू बॉबिनमध्ये दोरा! आणि एकही नाडी राहिलेली मला चालायची नाही!"

गॅरेजमधला हातोडा थांबला. बेबीचा चेहरा लालबुंद झाला, डोळे भरून आले. मॅडम पुढे झाल्या, तिला जवळ घ्यायला. बेबीनं त्यांचा हात बाजूला केला.

"सगळ्या मागे?" तिनं विचारलं.

"सगळ्या मागे."

"चूक आहे ते."

"असेल. ऑर्डर तशी आहे."

बेबीनं नाक पुसलं, बशी उचलून बाजूला ठेवली आणि मशीनवर जाऊन बसली. मास्तर भिंतीला टेकले. रेडिओ अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर ओरडले. आत्ताच हाती आलेलं वृत्त."

त्या संध्याकाळी केंद्राची गाडी सगळ्यांना घरी सोडून परत बेबीसाठी आली, तेव्हाही ती मशीनवर होती. दुसऱ्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही ती आली. मास्तर जोडून देत होते, ती टीप मारत होती, त्यांच्याशी चकार शब्द न बोलता. कधी नव्हे तो "उसवू का?" हा प्रश्नही आला नाही. न विचारताच चुकलेलं उसवायची आणि परत मारायची. मॅडम चहा घेऊन यायच्या आणि दाराशीच घोटाळायच्या. एकदा शाब्बास म्हणायला तोंड उघडून त्यांनी ते मिटलं, हे मास्तरांनी पाहिलं.

माल उशिरा गेला. ठेकेदारानं भरपूर तोंडसुख घेतलं, आणि काही झगे परतही पाठवले. त्यातल्या थोड्यांत बायकांची शिवण वाकडी होती, थोड्यांत बेबीच्या नाड्या. परत आलेलं गाठोडं मॅडमनी आधी लपवून ठेवलं. बेबीला ते पिंपाकडे जाताना सापडलं. ती ते मास्तरांच्या टेबलावर घेऊन आली आणि अबोला धरल्यापासून पहिल्यांदा बोलली.

"परत आलं."

"हो, बाई."

"म्हणजे त्यानं बघितलं." तिनं गाठोड्याची गाठ सोडली. "नीट बघितलं."

ठेकेदारानं नंतर अधूनमधून काम दिलं, अधूनमधून दिलं नाही. बेबी काही उत्तम कारागीर झाली नाही. तिची टीप शेवटपर्यंत कधीमधी पळायचीच, आणि नाड्या मागे असतात हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. पण मेणबत्त्यांकडे तिला कुणी पुन्हा पाठवलं नाही. मॅडमनी एकदा डिंक सांडला म्हणून रेडिओला चांगलं झापलं, तर तो दिवसभर येईल त्याला ते सांगत होता. त्या बारीक कात्रीचं तेवढं ठरलं, की ती मास्तरांच्या खणात राहायची आणि बेबीनं विचारून घ्यायची. आधी ती कुरकुरली. मग विचारायला लागली.

असं किती काळ चाललं, हे मास्तरांनी कधी मोजलं नाही. एका सकाळी केंद्रात जायला निघताना ते घराच्या जिन्यावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात त्यांना पाठीवर नाड्यांचा झगा घातला. हात मागे नेऊन त्यांनी गाठ चाचपायचा प्रयत्न केला, हात पोचेना. नर्सला हाक मारायला ते लाजले आणि कितीतरी वेळ तसेच पडून राहिले. तेव्हा बेबी आठवली. नंतर काठी घेऊन चालायला लागल्यावर ते पुन्हा केंद्रात गेले, तर तिची खुर्ची भिंतीला लावलेली. दादाची बदली झाली होती आणि सगळं घर दुसऱ्या गावी गेलं होतं. तिथेही असंच एक केंद्र आहे म्हणे, मॅडम म्हणाल्या. मशीन आहे का, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी वहिनीचा नंबर दिला. मास्तरांनी तो कितीदा तरी फिरवला आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत बंद केला. फोन लागला तर काय विचारायचं? तिथे कुणी तुम्हाला रागावतं का, असं विचारायचं?

बेबी म्हटलं की मास्तरांना एकच संध्याकाळ आठवते, जिन्यावरून पडण्याच्या आदली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, रेडिओ तिला घाई करत होता आणि मास्तर आपला डबा पिशवीत भरत होते. बेबी मशीनवरून उठून त्यांच्या टेबलाशी आली.

"मास्तर, कात्री घेऊ?"

"कशाला?"

"उसवायचंय."

"कुणाचं?"

"माझंच."

"घ्या. पण गाडी आलीय, बाई."

"थांबेल. मी आहे ना आत."

"जागेवर ठेवा."

"ठेवते."